विमान दहा तासांचं, प्रवास वीस तासांचा: दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ नीट कशी काढायची

शेजारच्या काकूंनी लंडनचं तिकीट माझ्यापुढे धरलं. "बघ रे, दुपारी एकला निघतं, सहा वीसला पोचतं. पाच तास वीस मिनिटं फक्त! मी उगाच घाबरत होते." त्यांच्या नातवाने मोबाइलवर शोधून वेगळंच उत्तर काढलं होतं: सात हजार दोनशे किलोमीटर, साडेआठ तास. काकू प्रत्यक्ष विमानात बसणार होत्या दहा मिनिटं कमी दहा तास, आणि कोथरूडच्या दारातून रेडिंगला मुलीच्या दारात पोचायला त्यांना वीस तासांवर लागणार होते.

सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. गोंधळ होतो तो एकाच्या जागी दुसरा वापरल्याने. म्हणून हिशेब ठरलेल्या क्रमानेच करायचा: आधी विमानतळ, मग अंतर, मग गेट ते गेट वेळ, मग घड्याळं आणि तारखा, आणि सगळ्यात शेवटी घर ते घर. मधली एखादी पायरी गाळली की चूक शेवटी कळते, आणि तोवर टॅक्सीचे पैसे भरून झालेले असतात.

आधी हाताशी काय हवं

तिकिटाची पूर्ण प्रत हवी. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेला अर्धवट स्क्रीनशॉट चालणार नाही, कारण टर्मिनल आणि "दुसऱ्या दिवशी" ही खूण नेमकी त्याच्या कडेला कापली गेलेली असते. दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड लिहून घ्या. एक कॅल्क्युलेटर, एक कागद. आणि प्रवासाची तारीख. तिकीट अजून काढलं नसेल तरी निदान महिना ठरवा. त्याशिवाय घड्याळांचा हिशेब होत नाही आणि वाऱ्याचाही नाही.

१. शहर नव्हे, विमानतळ नक्की करा

"मुंबई ते गोवा किती वेळ?" या प्रश्नाला आता एक उत्तर नाही. गोव्यात दाबोळी आहे, कोड जीओआय, आणि जानेवारी २०२३ पासून मोपा आहे, कोड जीओएक्स. विमानातला वेळ जवळपास सारखाच, पण मडगावला जाणाऱ्याने मोपाला उतरणं आणि सावंतवाडीला जाणाऱ्याने दाबोळीला उतरणं म्हणजे रस्त्यावर दीड-दोन तास घालवणं. मुंबईतही सांताक्रूझचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांच्यामध्ये रस्त्यानेच जावं लागतं, आणि नवी मुंबईला उलव्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून नुसतं "मुंबई" म्हणून भागत नाही. न्यूयॉर्कचं तिकीट जेएफकेचं आहे की नदीपलीकडच्या नेवार्कचं, तेही बघा.

एकाच नावाची शहरं हा आणखी एक सापळा. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेत अलाबामातही. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. कोड मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून शोधताना कोडच टाका. आपल्याकडचे काही कोड नावावरून अजिबात ओळखू येत नाहीत: नाशिक आयएसके, शिर्डी एसएजी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू.

> ताळा: अंतर दाखवणारं पान विमानतळांमधलं अंतर देतंय की शहरांच्या मध्यांमधलं? दोन्ही कोड दिसत नसतील तर तो आकडा सोडून द्या.

२. सरळ अंतर काढा

इथे "सरळ" म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या नकाशावर तो वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, म्हणजे मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान इतक्या उत्तरेकडून का जातं ते लगेच कळेल.

देशातल्या देशात पायथागोरस पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व.

- अक्षांशांतला फरक २ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे २२२.
- रेखांशांतला फरक ६.१८ अंश. यालाही १११ ने गुणा आणि मग मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण). मधला अक्षांश सुमारे २०, कोसाइन ०.९४. उत्तर सुमारे ६४४.
- दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सुमारे ६८० किलोमीटर.

(समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. रस्ता किती सरळ आखलाय, याचा अंदाज मला पहिल्यांदा या हिशेबातून आला.)

लंडनसाठी हीच रीत वापरलीत तर उत्तर साडेसात हजारांच्या वर जातं, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटरने चुकतं. लांबच्या अंतराला गोलाचं सूत्र हवं:

कोसाइन (मधला कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन (रेखांशांतला फरक)

अ१ आणि अ२ हे दोन ठिकाणांचे अक्षांश. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२. आकडे घातले की पहिला गुणाकार ०.२५६, दुसरा ०.१६९, बेरीज ०.४२५. ज्या कोनाचं कोसाइन ०.४२५ आहे तो कोन ६४.८५ अंश. त्याला १११.२ ने गुणा: ७,२१० किलोमीटर.

लोक इथे तीन ठिकाणी हमखास चुकतात.

पहिली चूक पश्चिम रेखांशाच्या चिन्हाची. पश्चिमेचा आकडा उणे धरायचा असतो, त्यामुळे पूर्व आणि पश्चिम यांची वजाबाकी करताना खरं तर बेरीज होते. लंडनला हे विसरलात तर साठेक किलोमीटरच चुकतात, लक्षातही येत नाही. जेएफके मात्र ७३.७८ पश्चिमेला आहे आणि मुंबई ७२.८७ पूर्वेला. चिन्ह विसरा, आणि न्यूयॉर्क मुंबईपासून २,४०० किलोमीटरवर येऊन बसतं! खरं अंतर साडेबारा हजार.

दुसरी चूक अंशांची. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते आधी बघा. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये अंश आधी रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात, बदलून घ्यावे लागतात.

तिसरी चूक मैलांची. विमानवाल्यांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, रस्त्यावरचा मैल १.६०९ चा. मुंबई–लंडन सागरी मैलांत सुमारे ३,८९०, साध्या मैलांत ४,४८०. कुठे नुसतं "मैल" लिहिलं असेल तर कुठला ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

> ताळा: मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० आणि मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. तुमच्या सूत्राने हे दोन आकडे येत असतील तर सूत्र नीट बसलंय.

३. अंतरावरून गेट ते गेट वेळ काढा

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून हलण्याची वेळ, चाकं जमीन सोडण्याची नव्हे. पोचण्याची वेळही तशीच: उतरून, रेंगाळत गेटला लागण्याची. या दोन्हींमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. मोबाइलवरची बरीचशी पानं नुसता अंतर भागिले वेग असा हिशेब करतात, आणि काकूंच्या नातवाचे साडेआठ तास तिथूनच आलेले.

माझा ठोकताळा असा:

- देशातलं नेहमीचं जेट: अंतर भागिले ८००, अधिक ४० मिनिटं.
- लांब पल्ल्याचं मोठं विमान: अंतर भागिले ८५०, अधिक ४५ मिनिटं.
- पंखेवालं एटीआर, जे छोट्या विमानतळांवर दिसतं: अंतर भागिले ५००, अधिक ३० मिनिटं.

मुंबई–नागपूर: ५१ अधिक ४०, म्हणजे दीड तास. मुंबई–कोल्हापूर सुमारे ३१० किलोमीटर. एटीआरने ३७ अधिक ३०, म्हणजे सव्वा तासाच्या आत. मुंबई–लंडन: साडेआठ तास अधिक ४५ मिनिटं, सव्वानऊ तास.

वरची मिनिटं खर्च होतात रनवेपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि रांगेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरात असते. संध्याकाळी विमान मुंबईवर घिरट्या घालत राहतं ते बहुतेकदा याचमुळे. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून त्या वेळापत्रकातच थोडी ढील ठेवतात. "आज वीस मिनिटं लवकर पोचलो" हा आनंद बऱ्याचदा त्या ढिलीतून आलेला असतो.

४. वारा आणि बंद आकाश यांची दुरुस्ती करा

भारताच्या उत्तर भागावरून हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जाणं आणि येणं यांत पाऊण तास ते तासभर फरक पडतो. एकाच दिशेचा वेळ दुप्पट करून जाण्या-येण्याचा हिशेब मांडू नका. मुंबई–दिल्लीसारख्या दक्षिणोत्तर मार्गावर हा फरक थोडाच असतो.

दुसरी गोष्ट, विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं आणि कुणाचं आकाश बंद असेल तर वळसा घेतं. पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद केलं. याचा जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना बसतो. परदेशी कंपनीचं विमान त्याच मार्गावर लवकर पोचतं, याचं कारण अशा वेळी वेगात शोधू नका, नकाशात शोधा.

त्यामुळे लंडनच्या सव्वानऊ तासांचे जाताना पावणेदहा-दहा होतात. तिकिटावरचा वेळ याच्या आसपास असेल तर तो बरोबर आहे.

> ताळा: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता सुटलं आणि पोचलं ते बघा. माझ्या ठोकताळ्यापेक्षा हे केव्हाही खरं. मात्र मे महिन्यात पाहिलेला वेळ जानेवारीच्या प्रवासाला लावू नका.

५. दोन्ही घड्याळं भारतीय वेळेत आणा

काकूंचे पाच तास वीस मिनिटं इथे आले. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दोन गावांच्या वेळांची थेट वजाबाकी कधीच करायची नाही. आधी दोन्ही वेळा भारतीय करा, मग वजा करा.

लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. काकूंचं तिकीट जूनचं. लंडनचे १८:२० अधिक साडेचार तास म्हणजे आपले रात्रीचे १०:५०. दुपारी एक ते रात्री १०:५०: नऊ तास पन्नास मिनिटं. ब्लॉक टाइमच्या अंदाजाशी जुळलं.

नेहमी लागणारे फरक:

- दुबई: दीड तास मागे, वर्षभर तोच.
- सिंगापूर: अडीच तास पुढे, वर्षभर तोच.
- न्यूयॉर्क: हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ.
- कॅलिफोर्निया: हिवाळ्यात साडेतेरा मागे, उन्हाळ्यात साडेबारा.
- सिडनी: त्यांच्या हिवाळ्यात साडेचार पुढे, उन्हाळ्यात साडेपाच. त्यांचा उन्हाळा ऑक्टोबर ते एप्रिल, हे विसरायचं नाही.

> सावधान: अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, इंग्लंडची शेवटच्या रविवारी. परत मागे येतानाही अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, इंग्लंड त्याच्या आठवडाभर आधी. मधल्या दिवसांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी या दिवसांत पाठ असलेले फरक वापरू नयेत.

६. तारीख बोट ठेवून वाचा

विमान चुकण्याचं सर्वांत खर्चिक कारण ट्रॅफिक नाही, मध्यरात्र आहे. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री बारा ते तीनच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००:५०" असेल तर विमानतळावर जायचं १४ तारखेच्या रात्री. आमच्याच घरात माझा मेहुणा १५ तारखेला रात्री नऊला बॅगा घेऊन, घरच्या सगळ्यांना नमस्कार करून थाटात निघाला होता. विमान त्याच्या आदल्या रात्रीच गेलं होतं. कुणीच त्याला अडवलं नाही, कारण आम्ही सगळ्यांनीही तिकीट तसंच वाचलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम: कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहायची नाही, घरातून निघण्याची लिहायची. वार आणि "रात्र" या शब्दासकट. "मंगळवारी रात्री ८ वाजता घरातून."

पोचण्याच्या वेळेशेजारी अधिक एक असं असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ. पश्चिमेला जाताना उलटी गंमत होते. मुंबईहून १० जानेवारीला पहाटे १:३० ला निघून नेवार्कला त्याच १० तारखेला सकाळी ७:३० ला पोचणारं विमान प्रत्यक्षात साडेसोळा तास उडालेलं असतं. तारीख एकच म्हणून प्रवास सहा तासांचा समजू नका. मुलाला न्यायला बोलावताना त्याच्या गावची तारीख सांगा, आपली नव्हे.

७. मध्ये थांबा असेल तर

"डायरेक्ट" म्हणजे कुठेही न थांबणारं, असं आपण धरतो. कंपनीच्या भाषेत तसं नसतंही: एकाच क्रमांकाचं विमान मध्ये उतरून पुढे जातं, तेही डायरेक्टच. "नॉनस्टॉप" लिहिलंय का ते पाहा.

थांब्याचे तास मोजताना घड्याळ एकाच गावचं असतं, त्यामुळे इथे थेट वजाबाकी चालते. खरा प्रश्न असतो, त्या तासांत काय काय उरकायचं आहे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढची सोय कंपनी करते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अशा वेळी मी चार तासांच्या खाली जात नाही. वृद्ध माणसं असतील तर सहा.

अमेरिकेत शिरताना इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी पहिल्या विमानतळावरच होते, पुढे कुठेही जायचं असो. दोन तासांचा थांबा तिथे कमी पडतो. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची ही तपासणी अबुधाबीतच उरकते, म्हणून वेळ तिथे धरा. भारतात परततानाही साधारण असंच: दिल्लीला उतरून पुढे नागपूरला जायचं असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम दिल्लीत. त्यातून डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं पहाटेचं धुकं. त्या दिवसांत पुढचं विमान दुपारचं घ्या.

८. आता उलटं मोजत घराच्या दारापर्यंत या

सुटण्याच्या वेळेपासून मागे या. आंतरराष्ट्रीय असेल तर तीन तास, देशांतर्गत असेल तर दोन. काउंटर बंद होण्याची वेळ तिकिटावर असते. देशातल्या विमानांना ती बहुतेकदा सुटण्याच्या तासभर आधीची. म्हणजे विमान दहाचं असलं तरी बॅगेसाठी ते नऊचंच.

त्याच्या मागे रस्ता. पुणे ते सहार नकाशावर साडेतीन तास दिसतं. मी पाच धरतो. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तो दीड तास तिथेच खर्च होतो. शुक्रवारी संध्याकाळी किंवा भर पावसात सहा. नकाशाला "आत्ता निघालो तर" असं विचारू नका. निघण्याचा वार आणि वेळ टाकून विचारा.

पुढच्या टोकालाही तेच. गेटला लागल्यावर हीथ्रोतून बाहेर यायला दीड तास धरा, व्हीलचेअर मागवली असेल तरी.

काकूंचा हिशेब मी कागदावर दोन रकान्यांत मांडून दिला, डावीकडे भारतीय वेळ, उजवीकडे तिथली:

- कोथरूडहून निघणं: पहाटे ५:००
- सहार, टर्मिनल दोन: सकाळी १०:००
- विमान गेटवरून हलणार: दुपारी १:००
- हीथ्रोच्या गेटला: रात्री १०:५० / संध्याकाळी ६:२०
- सामान घेऊन बाहेर: रात्री १२:२० / संध्याकाळी ७:५०
- रेडिंग, मुलीचं घर: रात्री १:२० / रात्री ८:५०

एकूण वीस तास वीस मिनिटं. काकूंनी कागद पर्समध्ये ठेवला. काकांनी त्याआधी त्याचा फोटो काढून घेतला आणि शेवटच्या ओळीपुढे मोबाइलमध्ये गजर लावला: रात्री दीड, फोन येईल.